दोन पासपोर्ट घेऊन लंडनमार्गे भारतात जायचंय, कुठे कोणता दाखवू?

मृण्मयी_जर्सीवाली

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतेय. आधी पार्श्वभूमी. मी बरीच वर्षं लंडनला होते, तिथलं नागरिकत्व घेतलं (भारतीय पासपोर्ट तेव्हाच रीतसर सरेंडर केला, ती भीती नाही). मग नवऱ्याच्या नोकरीमुळे न्यूजर्सीला आलो आणि आता मी अमेरिकन सिटिझनही झालेय. म्हणजे माझ्याकडे ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन पासपोर्ट, शिवाय ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं आजन्म व्हिसासारखं कार्ड), ते ब्रिटिश पासपोर्टवर काढलेलं. नवरा फक्त अमेरिकन. मुलगी पाच वर्षांची, जन्म इथलाच, अमेरिकन पासपोर्ट आणि त्यावर ओसीआय.

दिवाळीला पुण्याला जायचंय आणि जाताना आठवडाभर लंडनला नणंदेकडे राहायचंय. म्हणजे नेवार्क ते लंडन, लंडन ते मुंबई, परत येताना मुंबईहून लंडनला दोन दिवस आणि मग नेवार्क. तिकीट काढताना एकाच पासपोर्टची माहिती भरायला जागा आहे. कोणता भरू? आणि इंग्लंडला आता ईटीए (जायच्या आधी ऑनलाइन काढायची प्रवास-परवानगी) लागतं म्हणे, ते तिघांचं काढायचं का? नवरा म्हणतो सगळीकडे अमेरिकन दाखव आणि मोकळी हो.

चहाबाज

वाचतोय. आमच्या शेजारी असंच प्रकरण आहे.

सातासमुद्रापार

नवऱ्याचं ऐकू नका, निदान या बाबतीत तरी :)

मूळ नियम साधा आहे. ज्या देशाचे तुम्ही नागरिक आहात त्या देशात शिरताना त्याच देशाचा पासपोर्ट दाखवायचा. अमेरिकेचा तर कायदाच आहे, अमेरिकन नागरिकाने देशात येताना आणि देशातून जाताना, दोन्ही वेळा वैध अमेरिकन पासपोर्ट जवळ बाळगायचा. ब्रिटिश पासपोर्टवर एस्टा (बिनव्हिसा येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना लागणारी अमेरिकेची ऑनलाइन परवानगी) काढून अमेरिकेत यायचं असले उद्योग अजिबात करू नका.

इंग्लंडचं म्हणाल तर तुम्हाला ईटीए नाहीच मिळत. ईटीए परदेशी माणसांसाठी आहे, ब्रिटिश नागरिकासाठी नाही. पूर्वी लोक दुसऱ्या पासपोर्टवर जाऊन यायचे, कोणी विचारायचं नाही, पण २५ फेब्रुवारी २०२६ पासून कडक झालंय. विमानात चढतानाच एअरलाइन बघते, ईटीए किंवा व्हिसा नाही तर ब्रिटिश किंवा आयरिश पासपोर्ट दाखवा, नाहीतर ब्रिटिश असल्याचं एनटायटलमेंट सर्टिफिकेट. त्या सर्टिफिकेटची फी पाचशे पौंडांच्या वर आहे, त्यापेक्षा पासपोर्ट कितीतरी स्वस्त. नवरोबांना मात्र ईटीए काढावं लागेल.

आता तुमचा मार्ग एकेक टप्प्याने बघू. नेवार्कला काउंटरवर दोन्ही पासपोर्ट पुढे करा. अमेरिकेतून निघताना इमिग्रेशनचा काउंटर नसतो हे तुम्हाला माहितीच आहे, एअरलाइन प्रवाशांच्या पासपोर्टचे तपशील सरकारला कळवते तीच तुमची निघाल्याची नोंद. म्हणून बुकिंगमध्ये अमेरिकन असू द्या, आणि लंडनला उतरायचा हक्क आहे का हे बघायला काउंटरवरची बाई विचारेल तेव्हा ब्रिटिश दाखवा. हीथ्रोला ब्रिटिश. लंडन ते मुंबई ब्रिटिश आणि ओसीआय, कारण तुमचं ओसीआय त्यावर आहे. मुंबईतून निघतानाही तोच, शिरताना जो दाखवला तोच निघताना. परत लंडनला ब्रिटिश. आणि लंडन ते नेवार्क काउंटरवर अमेरिकन. झालं.

कोथरूडकर

सातासमुद्रापार यांनी सगळं सांगितलंच आहे, एक मोठी गोष्ट राहिली. धागाकर्तीच्या मुलीचं काय?

ताई, तुम्ही ब्रिटिश नागरिक कधी झालात, मुलीच्या जन्माआधी ना? आणि अर्ज करून झालात, म्हणजे नॅचरलायझेशन. मग तुमची मुलगी जन्मतःच ब्रिटिश आहे. पासपोर्ट काढला असो वा नसो. अर्ज करून ब्रिटिश झालेल्या आईबापाचं मूल परदेशात जन्मलं तरी आपोआप ब्रिटिश होतं, एका पिढीपुरतं. (तिची मुलं परदेशात जन्मली तर त्यांना आपोआप नाही मिळणार, पण ते पुढचं पुढे.) म्हणजे पोरीलाही ईटीए लागू नाही, आणि तिच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट तर नाही.

मृण्मयी_जर्सीवाली

अरे देवा. हे तर डोक्यातच आलं नव्हतं, आम्ही तिला नुसती अमेरिकन समजत होतो. हो, मी तिच्या जन्माच्या आधीच ब्रिटिश झाले होते. म्हणजे आता तिचा ब्रिटिश पासपोर्ट काढायचा? दिवाळीपर्यंत होईल का हो?

बिनधास्त_बाळू

कशाला एवढा खटाटोप? पोरीचा जन्म अमेरिकेत, पासपोर्टवर जन्मस्थान न्यूजर्सी, ती ब्रिटिश आहे हे कोणाला कळणार? ईटीए भरा, मिळेल, जा. आमच्या ओळखीत सगळे असंच करतात.

कोथरूडकर

बाळूशेठ, मिळेलही कदाचित. पण ईटीएच्या अर्जात आणखी कुठलं नागरिकत्व आहे का हा प्रश्न असतो. तिथे तुम्ही काय लिहिणार? माहीत असूनही नाही लिहायचं, ते पण पाच वर्षांच्या पोरीच्या नावाने? शिवाय आई त्याच रांगेत ब्रिटिश पासपोर्ट घेऊन उभी असणार, ऑफिसरने सहज विचारलं की मुलीचा पासपोर्ट कुठेय, तर काय उत्तर देणार? उद्या तिला तिकडे शिकायला जायचं असेल तेव्हा पासपोर्ट काढणारच ना, मग आत्ताच काढा.

हॅरोची_माई

कोथरूडकरांना +१.

मी हे नातवंडांसाठी केलंय म्हणून सविस्तर लिहिते. अर्ज ऑनलाइन होतो, अमेरिकेत बसूनच. मुलीचा पूर्ण जन्मदाखला लागतो, ज्यावर आईवडिलांची नावं आहेत तो. तुमचं नॅचरलायझेशन सर्टिफिकेट लागतं. आणि तिच्या अमेरिकन पासपोर्टची रंगीत फोटोकॉपी, सगळ्या पानांची, कोरी पानंसुद्धा. लोक फक्त फोटोचं पान पाठवतात आणि मग महिनाभर पत्रव्यवहार चालतो. ओळख पटवणारी एक सही लागते, तुम्हा कुटुंबाला ओळखणारा पण नातेवाईक नसलेला माणूस, कोणते व्यवसाय चालतात त्याची यादी साइटवर आहे. ते नीट वाचा.

आणि सगळ्यात मोठी मेख म्हणजे नाव! ब्रिटिश पासपोर्ट ऑफिसचा आग्रह असतो की सगळ्या देशांच्या पासपोर्टवर नाव एकच हवं. आपल्याकडे ही गडबड हमखास होते. मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लावायची आपली पद्धत, कोणी ते मधलं नाव म्हणून घालतं, कोणी नाही. आमच्या नातवाच्या अमेरिकन पासपोर्टवर नाव, बापाचं नाव, आडनाव असं तिन्ही आणि ब्रिटिशच्या अर्जात सुनेने फक्त नाव आणि आडनाव भरलं. अर्ज अडकला. तिन्ही ठिकाणी म्हणजे दोन पासपोर्ट आणि ओसीआय, अक्षर न अक्षर सारखं ठेवा.

मृण्मयी_जर्सीवाली

माई, खूप खूप धन्यवाद! कोरी पानं हे मला कधीच सुचलं नसतं.

नावावरून आठवलं. माझ्याच ब्रिटिश पासपोर्टवर नुसतं माझं नाव आणि सासरचं आडनाव आहे, अमेरिकनवर मधे नवऱ्याचं नाव घुसलंय कारण इथल्या ग्रीनकार्डवर तसं होतं. तिकीट कुठल्या नावाने काढू? आणि अजून एक, माझा ब्रिटिश पासपोर्ट गेल्या वर्षी नवा केलाय पण ओसीआयवर जुनाच नंबर आहे.

सातासमुद्रापार

दुसरं आधी. वीस ते पन्नास वयाच्या माणसाला पासपोर्ट नवा झाला म्हणून ओसीआय पुन्हा छापून घ्यावं लागत नाही. २०२१ साली हे सोपं केलं. ओसीआयच्या पोर्टलवर नव्या पासपोर्टची कॉपी आणि ताजा फोटो अपलोड करायचा, फुकट आहे, खरं तर नवा पासपोर्ट मिळाल्यावर तीन महिन्यांत करायचं असतं. तुमचं राहिलं असेल तर आजच करून टाका. जुना पासपोर्ट बरोबर नेण्याची सक्तीही तेव्हाच गेली, पण मी आपला नेतो, मुंबईला पहाटे तीन वाजता कोणाशी वाद घालत बसायचा. ज्यांचं ओसीआय विशीच्या आत काढलेलं असतं त्यांना मात्र विशीनंतर पहिल्यांदा नवा पासपोर्ट झाला की एकदा कार्ड पुन्हा काढावं लागतं, मुलीच्या वेळी लक्षात ठेवा. लहानपणी तिचा अमेरिकन पासपोर्ट दर पाच वर्षांनी बदलेल, प्रत्येक वेळी अपलोड.

ओसीआय अमेरिकनवर हलवायचा विचार असेल तर ते वेगळं काम, तिथे राष्ट्रीयत्वच बदलतं म्हणून री-इश्यू. मी म्हणेन ब्रिटिशवर आहे तर राहू द्या, तुमच्या मार्गाला तेच सोयीचं आहे.

नावाचं म्हणाल तर येताना अमेरिका गाठायचीय आणि बुकिंगला अमेरिकनचे तपशील लावणार, तर तिकीट अमेरिकनवरच्या नावाने. ब्रिटिशवर मधलं नाव नाही म्हणून सहसा कोणी उतरवत नाही, पण पुढच्या नूतनीकरणाला दोन्ही एकसारखी करून घ्या, माई म्हणतात ते खरंय.

पुणेरी_पाटी

काउंटरवरच्या माणसावर फार विश्वास ठेवू नका एवढंच सांगतो. माझ्या मावसबहिणीकडे कॅनडाचा आणि ब्रिटनचा, दोन्ही होते. मुंबईहून लंडनला येताना बुकिंगमध्ये कॅनडाचा भरलेला, काउंटरवरचा पोरगा (एअरलाइनचं नाव नको) एकच धोशा लावून बसला, मॅडम तुमचं ईटीए दिसत नाहीये. ती ब्रिटिश पासपोर्ट समोर धरतेय, तो म्हणतो सिस्टिममध्ये कॅनडाच आहे. शेवटी सुपरवायझर आली, तिने टिमॅटिक उघडलं, ब्रिटिशचा नंबर टाकला, अर्ध्या मिनिटात काम झालं. टिमॅटिक म्हणजे आयाटाचा (विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा) डेटाबेस, कुठल्या देशाला कुठली कागदपत्रं चालतात ते सगळ्या एअरलाइन्स त्यातच बघतात. तुमच्यावर राग नसतो हो त्यांचा, कागद नसलेला माणूस इंग्लंडला पोचवला तर एअरलाइनला माणशी २००० पौंड दंड आहे, म्हणून ते घाबरतात. शांतपणे म्हणायचं, माझा पासपोर्ट बदलून ब्रिटिशवर टाका. आणि तीन तास आधी पोचा.

टोरोंटोचा_बंड्या

कॅनडाचा विषय निघालाच आहे तर लिहितो. आमच्याकडे हे २०१६ पासून आहे, १० नोव्हेंबर २०१६. कॅनडाचा नागरिक असाल तर विमानाने येताना कॅनडाचाच पासपोर्ट, ईटीए मिळत नाही. अपवाद एकच, अमेरिकन. अमेरिका आणि कॅनडा असे दोन्ही असतील तर अमेरिकन पासपोर्टवर विमानात बसता येतं, नागरिकत्वाचा पुरावा जवळ ठेवायचा. बाकी ब्रिटन-कॅनडा वगैरेंना कॅनडाचा लागतोच. आणि आयत्या वेळी पासपोर्ट संपलाय लक्षात आलं आणि फ्लाइट दहा दिवसांच्या आत असेल तर स्पेशल ऑथोरायझेशन नावाचा एक प्रकार आहे, पण तुमचा दुसरा पासपोर्ट व्हिसा न लागणाऱ्या देशाचा असेल तरच.

अवांतर: ऑस्ट्रेलियावाले पण आपल्या नागरिकाने ऑस्ट्रेलियन पासपोर्टवरच यावं-जावं म्हणतात. त्यामुळे इंग्लंडने काही जगावेगळं केलेलं नाही, फक्त उशिरा केलंय.

नवा_भिडू

नमस्कार, इथे नवीन आहे. धागा भरकटत असेल तर सॉरी. मी नुकतीच अमेरिकेची शपथ घेतली, अमेरिकन पासपोर्ट आलाय. भारतीय पासपोर्ट अजून सहा वर्षं व्हॅलिड आहे. ओसीआयला वेळ लागतोय आणि आईचं ऑपरेशन आहे. तर एकदा भारतीय पासपोर्टवर जाऊन येऊ का? म्हणजे दोन पासपोर्ट झालेच ना माझे पण.

सातासमुद्रापार

नको नको नको.

कोथरूडकर

अहो भिडू, थांबा! भारत दुहेरी नागरिकत्व मानतच नाही. राज्यघटनेचं कलम ९ आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा, त्याचंही कलम ९. स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की भारतीय नागरिकत्व गेलं, शपथ घेतली त्या दिवशीच. तुमच्या हातातल्या पुस्तकावर सहा वर्षांनंतरची तारीख छापली असेल पण ते आता तुमचं नाही. ते वापरून प्रवास करणं हा पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे, आणि सरेंडरच्या वेळी जुने शिक्के बघून दंड लावतात. परत येताना अमेरिकेत अमेरिकन दाखवणार, मग मुंबईला निघताना इमिग्रेशनवाला विचारणार की भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा कुठाय. तिथे काय सांगाल?

आईच्या ऑपरेशनसाठी जायचंच आहे तर ई-व्हिसा बघा. मात्र त्याआधी भारतीय पासपोर्ट सरेंडरचा अर्ज करून टाका, कारण पूर्वी भारतीय होता का हे व्हिसाच्या फॉर्ममध्ये विचारतात. आईंना लवकर बरं वाटो.

नवा_भिडू

बापरे. बरं झालं विचारलं. लगेच सरेंडरचं बघतो.

चहाबाज

ओसीआयमध्ये "सिटिझन" लिहिलंय म्हणून लोकांची फसगत होते. तो आजन्म व्हिसाच आहे, मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. २००६ साली पहिली कार्डं दिली तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते एकांनी, दुहेरी नागरिकत्व मिळालं म्हणून.

डिचोलीकर

आमच्या गोव्याची गोष्ट वेगळीच आहे, थोडं लिहितो. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेली माणसं पोर्तुगालच्या दृष्टीने पोर्तुगीज, आणि त्यांची मुलं-नातवंडंही लिस्बनला जन्मनोंद करून हक्क सांगू शकतात. माझ्या आजोबांचा जन्म त्यातला. मी इंग्लंडातल्या स्विंडनला राहतो, इथे गोंयकार इतके आहेत की मासळीची आमटी करायला नारळ शोधावा लागत नाही.

आता ज्यांनी लिस्बनला नोंद केली आणि भारतीय पासपोर्टही खिशात ठेवला, त्यांचे फार हाल झाले. नोंद म्हणजे नागरिकत्व घेतलं का, यावर कोर्टकज्जे झाले, पासपोर्ट रद्द झाले, आणि रद्द झाला की सरेंडर सर्टिफिकेट कुठून आणणार म्हणून ओसीआय अडकलं. २०२४ मध्ये रिव्होकेशन सर्टिफिकेटवर (पासपोर्ट रद्द केल्याचा सरकारी दाखला) ओसीआय द्यायची वाट काढल्याचं जाहीर झालं. त्यामुळे "दोन पासपोर्ट आहेत" असं गोव्यात कोणी मोठ्याने सांगितलं तर आधी कोणते दोन ते विचारा.

माझे दोन आता पोर्तुगीज आणि ब्रिटिश, हे मात्र कायदेशीर. ब्रेक्झिटनंतर आधी सेटल्ड स्टेटस (इंग्लंडात कायम राहायचा हक्क), मग ब्रिटिश. पूर्वी पोर्तुगीजवरच इंग्लंडमध्ये ये-जा करायचो, आता ब्रिटिश झाल्यावर ते चालत नाही. युरोपात मात्र पोर्तुगीज म्हणजे सोनं. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनला (युरोपातल्या एकाच व्हिसाच्या देशांच्या गटात) ती बोटांचे ठसे घेणारी ईईएस ही नोंदणी सुरू झालीय ना, ब्रिटिशवाले त्या मशिनपुढे रांगेत, आणि १८० दिवसांत ९० दिवसांचा हिशेब करत. मी युरोपियन रांगेतून बाहेर. पण जो पासपोर्ट शिरताना दाखवला तोच निघताना, हे शेंगेनला कटाक्षाने पाळा. तिथे निघतानाही नोंद होते. ब्रिटिशवर शिरून पोर्तुगीजवर निघालात तर त्यांच्या मशिनच्या लेखी तो ब्रिटिश माणूस अजून आतच फिरतोय.

रेवदंडा_ते_अश्दोद

डिचोलीकर, छान लिहिलंत. आम्ही बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. माझं बालपण रेवदंड्याला, आता अश्दोदला. मुलीकडे इस्रायली आणि नवऱ्यामुळे अमेरिकन. इस्रायलचाही तोच हट्ट, नागरिकाने इस्रायली पासपोर्टवरच यायचं आणि जायचं. पण मधल्या देशात तिला दुसरा पासपोर्ट कामाला येतो, मालदीवने २०२५ च्या एप्रिलमध्ये इस्रायली पासपोर्टवर बंदी घातली, अशा ठिकाणी.

ओसीआयची आमची वेगळी अडचण होती. परदेशी सैन्यात असलेल्या माणसाला ओसीआय देत नाहीत, आणि इथे तर सगळ्यांनाच सक्तीची सेवा. जुलै २०१७ मध्ये मोदी तेल अवीवला आले तेव्हा भाषणात त्यांनी सांगितलं की सक्तीची सेवा केलेल्यांनाही मिळेल. आमच्या सासूबाई त्या सभेला होत्या, टाळ्या वाजवून हात दुखले म्हणाल्या.

एक गोष्ट कोणी लिहिली नाही. ज्या देशाचे तुम्ही नागरिक आहात तिथे अडचणीत सापडलात तर दुसऱ्या देशाच्या वकिलातीकडून फारशी अपेक्षा ठेवू नका. तो देश म्हणतो हा आमचाच माणूस आहे, तुम्ही कोण? दोन पासपोर्ट म्हणजे दोन छत्र्या नव्हेत.

संपादक

चर्चा उत्तम चाललीय. अमेरिकन टॅक्सबद्दलचे दोन प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया पासपोर्टचे नंबर असलेले फोटो टाकू नका, एक उडवला आहे.

मृण्मयी_जर्सीवाली

अपडेट: मुलीच्या ब्रिटिश पासपोर्टचा अर्ज भरला, नाव तीनदा तपासून. सगळ्या पानांच्या कॉप्या काढल्या, दुकानदार म्हणाला कोरी पानं कशाला पैसे घालवता. माझ्या ओसीआयवर नवा पासपोर्ट अपलोड केला. नवऱ्याने स्वतःचं ईटीए दहा मिनिटांत काढलं आणि आता ऐटीत फिरतोय की सगळ्यात सोपं माझंच. मुलीचा पासपोर्ट वेळेत नाही आला तर?

हॅरोची_माई

नाही आला तर लंडन गाळा आणि सरळ नेवार्क-मुंबई घ्या, त्यासाठी तिचा अमेरिकन आणि ओसीआय पुरे. म्हणून तिकीट आत्ता काढत असाल तर बदलता येणारंच काढा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. नणंदेला मी समजावते हवं तर :)

बिनधास्त_बाळू

एवढं सगळं वाचून मला वाटायला लागलंय की एकच पासपोर्ट बरा. फायदा तरी काय दोनचा, डिचोलीकरांची युरोपियन रांग सोडली तर?

टोरोंटोचा_बंड्या

फायदा आहे की बाळूशेठ. ब्राझीलने १० एप्रिल २०२५ पासून अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियावाल्यांना व्हिसा लावला, ब्रिटिशांना नाही. व्हिएतनामला ब्रिटिश ४५ दिवस बिनव्हिसा, आमच्या कॅनडावाल्यांना ई-व्हिसा. मृण्मयीताई उद्या रिओला गेल्या तर ब्रिटिशवर सरळ आत, नवरोबा फॉर्म भरत बसणार.

मृण्मयी_जर्सीवाली

हे मात्र मी नवऱ्याला आत्ताच वाचून दाखवलं. पण म्हणजे नेवार्कला मी ब्राझीलच्या फ्लाइटला काय दाखवायचं, कायद्याने तर निघताना अमेरिकन हवा ना?

सातासमुद्रापार

दोन्ही. बुकिंगला अमेरिकन, व्हिसा विचारला की ब्रिटिश, ब्राझीलमध्ये शिरताना आणि निघताना ब्रिटिश, आणि परतीच्या चेक-इनला पुन्हा अमेरिकन, नाहीतर तिथली बाई तुम्हाला एस्टा मागेल.